बदलीवर आलेले आप्पा

पाळणाघरातल्या नोकरीचा माझा पहिला दिवस आणि आप्पा शेलारांचा पहिला दिवस एकच. फरक इतकाच की मी डिप्लोमा करून, दोन मुलाखती देऊन, आईने इस्त्री केलेला कुर्ता घालून गेले होते. आणि आप्पा आपल्या बायकोच्या जागी बदलीवर आले होते.

नेरूळमधल्या एका सोसायटीत तळमजल्यावरचे दोन फ्लॅट जोडून करंदीकर मॅडमनी हे पाळणाघर थाटलं होतं. मॅडम शाळेतून निवृत्त झालेल्या आणि अंगात शिस्त मुरलेल्या. सकाळी आठ ते संध्याकाळी सात, सोळा मुलं, सगळ्यांचे आईवडील ऑफिसात. मुलांचं खाणंपिणं आणि धुणंपुसणं लक्ष्मीमावशी बघायच्या. त्या दिवशी मी दारात चपला काढत होते, तेवढ्यात माझ्या मागून एक धिप्पाड गृहस्थ आत शिरले. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, खांद्यावर पंचा, डोक्यावर टोपी, आणि टोपीपेक्षा रुंद मिशा. हातात जेवणाचा डबा.

"मुकादम कोन हाय हितं?" त्यांनी विचारलं.

मॅडमनी चष्म्यावरून बघत, मीच, म्हणून सांगितलं.

"मी लक्ष्मीचा मालक. तिची आई पडली, पाटनला गेली ती. पंधरा दीस लागतील. मी बदलीवर आलोय." त्यांनी डबा खिडकीत ठेवला आणि बाह्या दुमडल्या. "पोरं किती नग?"

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात आप्पांनी तीस वर्षं पोती उचलली होती. तिथे माथाडींच्या टोळीत कुणी गावी गेला तर त्याची जागा रिकामी ठेवत नाहीत. भाऊ, मेहुणा, मुलगा, कुणीतरी त्याच्या बदलीवर उभा राहतो आणि काम चालू राहतं. बायको कामावर नाही म्हटल्यावर तिच्या जागी नवऱ्याने जायचं, यात आप्पांना तसूभरही वावगं वाटलं नव्हतं. पाळणाघरात असं चालत नाही हे त्यांना समजावून सांगायला मॅडमना अर्धा तास तरी लागला असता, आणि दारात आठ मुलं येऊन उभी होती, त्यातली पाच रडत होती. "आजचा दिवस थांबा," मॅडम म्हणाल्या. तो दिवस पुढे आठ महिने लांबला.

आमच्या घरी माझ्या नोकरीचं फारसं कौतुक नव्हतं. बाबा रबाळ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. "तुझ्या आईने दोन पोरं वाढवली ती कुठला कोर्स करून?" असं ते जेवताना हमखास विचारायचे. त्यामुळे मला काहीतरी करून दाखवायचं होतं. माझ्या फाइलमध्ये वयोगटाप्रमाणे खेळांचे रंगीत तक्ते होते, झोपेच्या वेळेवर तर अख्खं एक प्रकरण होतं. पहिल्याच दुपारी मी पडदे ओढले, सोळा गाद्या घातल्या आणि शिकवल्याप्रमाणे हळू आवाजात अंगाई सुरू केली. एकाने गळा काढला. मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. दहा मिनिटांत मी घामाघूम झाले होते आणि झोप एकालाही लागली नव्हती.

आप्पा भिंतीला टेकून सगळं बघत होते. "पोरी, तुझं गानं चांगलं हाय," ते म्हणाले, "पन ते ऐकायला ती जागी ऱ्हात्यात."

मग त्यांनी सगळ्यात मोठ्याने रडणाऱ्या कबीरला उचललं, कमरेत वाकले आणि त्याला सरळ पाठीवर आडवा टाकला. गाल मानेजवळ, पाय दुसऱ्या खांद्याखाली, वरून एका हाताचा आधार. आणि गुडघे किंचित मोडून, बारीक पावलं टाकत ते बाहेरच्या पॅसेजमधून चालायला लागले. जाऊन येऊन तीन फेऱ्या झाल्या आणि कबीर झोपला. मग दुसरा. मग तिसरी. मी प्रत्येक वेळी ते मूल उतरवून गादीवर ठेवत गेले, जणू मीही टोळीतच भरती झाले होते.

नंतर चहा पिताना त्यांनी त्यातलं मर्म सांगितलं. पन्नास किलोचं पोतं पाठीवर असताना हिसका बसला की पोतंही जातं आणि मणकाही. म्हणून हमालाची चाल सपाट असते, भरलेली घागर नेल्यासारखी. "पोराला काय पायजे? हिसका नगं असतो," ते म्हणाले. "तेवढं सोडून त्याला दुसरं काय नगं असतंय." माझ्या फाइलमधल्या अख्ख्या प्रकरणात हे वाक्य नव्हतं. मी त्या संध्याकाळी ते शेवटच्या पानावर लिहून घेतलं.

आप्पांचा स्वतःचा मणका मात्र आधीच गेलेला होता. त्यापायीच त्यांनी मार्केट सोडलं होतं आणि दीड वर्ष कोपरखैरण्याच्या घरी ते नुसते बसून होते. डॉक्टरांनी वजन उचलायला सक्त बंदी केली होती. मी काळजीने तो विषय काढला, तर म्हणाले, "पोरं वजनात धरत न्हाईत."

पंधरा दिवसांनी लक्ष्मीमावशी गावाहून परत आल्या आणि बघतात तो त्यांच्या जागेवर नवरा, मांडीवर एक पोर, आजूबाजूला चार. त्या दारातच थबकल्या. "मेघाताई, आमच्या दोन पोरांचं ढुंगन कदी धुतलं न्हाई वो ह्या मानसानं," त्या मला म्हणाल्या. "आनि हितं बगा." आप्पा चोरी पकडल्यासारखे मिशीला हात लावत बसले. मॅडमनी दोघांनाही ठेवून घेतलं: मावशींकडे स्वयंपाक आणि धुणंपुसणं, आप्पांकडे पोरं.

ढुंगण न धुण्याचं कारण त्यांनी मला एकदा भाज्यांची चित्रं कापताना सांगितलं. मावशी आणि मुलं गावाला, आणि हे इथे एका खोलीत बारा जणांत. वर्षाकाठी यात्रेला आठ दिवस गावी जायचे. मुलं ओळखायची नाहीत, आईच्या मागे लपायची. "वळख झाली की माझी गाडी असायची," ते म्हणाले. "माझी पोरं मी डायरेक चौथीतली बगितली, पोरी. दोन वर्साचं पोरगं काय करतं ते मला ह्या वयात कळतंय." बोलता बोलता त्यांनी वांग्याचं देठ कापून टाकलं आणि ते चिकटवायला गोंद मागितला. मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं, आणि त्यांना मात्र त्या गोष्टीचं काही वाटून घ्यायला वेळ नव्हता, कारण अन्वीने कागदी टोमॅटो तोंडात घातला होता.

पोरांना त्यांनी मार्केटातली नावं ठेवली होती. गोरागोमटा कबीर म्हणजे बटाटा, अन्वी म्हणजे लसूण, आणि दिवसभर किरकिर करणारा रुद्र म्हणजे लवंगी. कुणी नवं मूल आलं की ते त्याच्याभोवती एक चक्कर मारायचे आणि "एक नंबर माल हाय" असा शेरा द्यायचे. आईबाप हसायचे. प्रत्येक मुलाच्या वहीत दिवसभराचा अहवाल लिहायचं काम माझं होतं, पण मजकूर आप्पा सांगायचे. "लिव्ह. जेवान : अर्दी वाटी वरनभात पोटात, अर्दी सदऱ्यावर. झोप : येक तास, माझ्या पाठीवर. रडनं : आई गेल्यावर चार मिनटं, आई यायच्या टायमाला दोन मिनटं, मदी सुट्टी." मी ते शुद्ध करून लिहायचे. एकदा घाईत तसंच लिहिलं गेलं, तर त्या आईने वहीत खाली लिहून पाठवलं की रोज असंच लिहीत जा.

पडलेल्या मुलाला ते लगेच उचलत नसत. "तीन मोज," मला सांगायचे. तीन मोजेपर्यंत बहुतेक मुलं आपली आपण उठायची आणि झालं-गेलं विसरायची. उचलायला धावणाऱ्याला ते म्हणायचे, "आदी तोल, मग चाल. तोल आपन शिकवू शकत न्हाई, तो त्याचा त्यालाच गावतो." मॅडमसुद्धा हळूहळू तीन मोजायला लागल्या. फक्त त्या मनात मोजायच्या आणि आप्पा मोठ्याने.

त्यांच्या हाताला काटा होता. तीस वर्षं पोती उचलल्यावर पोत्यात किती भरलंय ते हाताला कळतं म्हणे. सकाळी दारात पोर उचलून आत घेताना ते पुटपुटायचे, "बारा किलो. कालच्यापरीस जरा जास्त. रातच्याला काय खाल्लंस रं?" आणि एक दिवस अथर्वला उचलून त्यांनी त्याच्या आईला सांगितलं, "बाय, पोरगं अर्ध्या किलोनं कमी भरतंय."

त्या बाई हादरल्या. ऑफिसला रजा टाकून अथर्वला बालरोगतज्ज्ञाकडे घेऊन गेल्या. तिथल्या काट्यावर वजन होतं तेवढंच भरलं, आणि दुपारी त्या तणतणत पाळणाघरात आल्या. त्यांचं ऐकून घेत असतानाच लक्ष्मीमावशींनी बुटांच्या रॅकमागे झाडू घातला आणि आतून खडी निघाली. ओंजळभर नाही, एखादी पायरी बांधून झाली असती इतकी. अथर्वच्या सोसायटीत दुरुस्तीचं काम चालू होतं. तो रोज सकाळी येताना दोन्ही खिसे खडीने भरून आणायचा आणि इथे रॅकमागे रिकामे करायचा. त्या दिवशी आईने त्याला बिनखिशाची नवी चड्डी घातली होती.

सगळे आप्पांकडे बघायला लागले. "म्हंजी काटा बरुबर हुता," ते म्हणाले. "मालात खडे निघाले." मग मात्र टोपी काढून त्या बाईंसमोर गेले आणि म्हणाले, "तुमचा दीस फुकट घालवला. आईला असं सांगू नये, माझं चुकलं." त्यानंतर त्यांनी कुणाचंही वजन आईबापांना सांगितलं नाही. आम्हाला सांगायचे, तेही हळूच.

असे सात-आठ महिने मजेत गेले. मग एक नवं जोडपं आपल्या बाळासाठी जागा बघायला म्हणून दुपारी आलं. आत अंधार, गाद्यांवर मुलं, आणि मध्ये भिंतीला टेकून डोळे मिटलेला हा मिशाळ माणूस, पोटावर एक पोर. ते जोडपं आल्या पावली परत गेलं. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर प्रश्न आला : पाळणाघरात पुरुष का? तिथून तो आमच्या पालकांच्या ग्रुपवर आला. आठ महिने आप्पांच्या अहवालांना हसणाऱ्या माणसांनाही तो प्रश्न वाचल्यावर झोप लागेना. बातम्यांत रोज काय काय येतं. मी त्यांना दोष देत नाही. माझी स्वतःची मुलगी आता तीन वर्षांची आहे.

मॅडमनी शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या पालकांना बोलावलं. आप्पा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांना घालवलं तर ते पुन्हा त्या कोपरखैरण्याच्या खोलीत जाऊन पंख्याकडे बघत बसणार, हे मावशींना, मला आणि मॅडमना पक्कं ठाऊक होतं. पालक गोल गोल बोलत होते. एक वडील म्हणाले, "पर्सनली मला काही प्रॉब्लेम नाही, पण पॉलिसी म्हणून बघायला हवं." दुसऱ्याने सीसीटीव्हीचा विषय काढला. असं वीस मिनिटं चाललं.

"मी येक बोलू का?" आप्पा म्हणाले. "आमच्या टोळीत नवा गडी घ्यायचा तर समद्यांनी हो म्हनायला लागायचं. येकजन जरी न्हाई म्हनला तरी त्यो गडी जायचा. कारन त्याच्या भरवशावर मान खाली घालून चालायचं असतंय. हितं तर पोरं हायत. तवा लाजू नगा. येकानं जरी न्हाई म्हटलं तरी मी जातो. राग न्हाई."

मग अथर्वची आई हो म्हणाली. कबीरचे वडील हो म्हणाले. एकेक करून बऱ्याच जणांनी माना डोलावल्या, काहींनी मोबाइलकडे बघत. शेवटी इराच्या आईची पाळी आली. इरा दोन वर्षांची. तिची आई बेलापूरला नोकरी करायची, कमी बोलणारी बाई, रोज सातला धापा टाकत यायची.

"माझं 'नाही' आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही काही केलंय असं मी म्हणत नाही, काका. पण दिवसभर ऑफिसात माझ्या डोक्यात तेच येत राहतं. मी काय करू?"

"काय करायचं न्हाई," आप्पा म्हणाले. "बोललात ते बरं केलंत." आणि त्यांनी हात जोडले.

मावशींनी आत मुद्दाम पातेलं आपटलं. मॅडम खाली बघत होत्या. मी तिथेच उभी होते, आठ महिने रोज अकरा तास त्या माणसाच्या शेजारी काम केलेली, आणि मी एक शब्द बोलले नाही. तेवीस वर्षांच्या पोरीला कोण विचारतंय, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण एवढंच की मला धाडस झालं नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

आप्पांनी इराच्या आईकडून फक्त एक दिवस मागून घेतला. "उद्या ह्या पोरीला चारज देतो न जातो. समदं तिच्यावर टाकून असंच गेलो तर पोरांचे हाल व्हतील." त्या बाईंनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी शनिवार, तरी सगळी मुलं आली होती. दुपारी सगळी झोपल्यावर आप्पांनी मला बोटाने खुणावलं आणि आम्ही गाद्यांच्या रांगेतून चालायला लागलो. ते कुजबुजत सांगत होते. ह्याला पाठीवर थोपटायचं नाही, कमरेवर थोपटायचं. ही उजव्या कुशीवर झोपते, डावीकडे वळवली की उठते. लवंगीला झोपायच्या आधी पाणी दाखवायचं, प्यायला नाही, नुसतं दाखवायचं. अथर्वचे बूट मीच काढायचे आणि खिसे तपासायचे. अन्वीच्या कानाची पाळी चोळली की तिचा श्वास खाली बसतो. बटाटा घामेजतो, त्याला खिडकीजवळ ठेवायचं, पण वाऱ्याच्या झोतात नाही. मी वहीत भराभर लिहीत होते. पंधरा मुलांची पंधरा पानं झाली.

सोळाव्या गादीपाशी ते थांबले. इराची गादी.

"हिचं?" मी पेन टेकवून विचारलं.

"हिचं मला काय ठावं न्हाई," आप्पा म्हणाले. "हिला मी कदी उचललं न्हाई."

मी वही मिटली.

"पयल्याच दिवशी तिच्या आईनं माझ्याकडं बगितलं, तवाच कळलं. बाईच्या मनात न्हाई. मग कशाला उचलायचं?"

आठ महिने. मी मागचे दिवस आठवायला लागले. इरा रडली की आप्पांच्या हाताला नेमकं पाणी लागलेलं असायचं. इराला झोपवायचं असलं की त्यांच्या पाठीवर आधीच कुणीतरी असायचं. "पोरी, हिला तू बघ," एवढंच म्हणायचे, इतक्या सहज की मला त्यात कधी काही दिसलं नाही. इतक्या सहज की तिच्या आईलाही ते कधी कळलं नव्हतं, आणि काल भरल्या खोलीत सगळ्यांसमोर ते सांगून टाकायची संधी होती, तेव्हा हा माणूस हात जोडून गप्प बसला होता.

"काल का नाही सांगितलंत?" मी विचारलं. माझा आवाज जरा चढला.

"हळू," ते म्हणाले. "सांगून काय? त्या बाईला वाईट वाटलं असतं, न भीती तशीच ऱ्हायली असती."

पण माझ्या आवाजाने व्हायचं ते झालंच होतं. इरा उठून बसली. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. तिने माझ्याकडे बघितलं, मग आप्पांकडे, आणि दोन्ही हात वर केले. त्यांच्याकडे. इतर पोरांना ते पाठीवर घेऊन पॅसेजमधून फिरवताना तिने आठ महिने बघितलं होतं, आणि तिला वाटलं असावं, आज आपला नंबर.

आप्पांचे हात अर्ध्यापर्यंत पुढे आले. मी ते बघितलं. मग त्यांनी ते मागे नेले आणि पाठीशी एकात एक गुंतवून ठेवले.

"घे की तिला," ते मला म्हणाले. "हात दुखतील तिचे."

मी इराला उचललं. तिने माझ्या खांद्यावरून त्यांच्याकडेच बघायचं चालू ठेवलं. आप्पांनी माझ्या पावलांकडे एकदा नजर टाकली, गुडघे जरा मोड, अशी मानेने खूण केली, आणि चपला हातात घेऊन, कुणी उठू नये म्हणून अनवाणीच, दाराबाहेर पडले.